दमयंतीची ताकीद
उरणच्या मासळी बाजारात दमयंतीला पहिल्यांदा फिट आली, तेव्हा कुणीतरी तिच्या नाकाला चप्पल लावली होती. पुढे गोळ्यांनी फिट आटोक्यात आल्या, पण ती चप्पल काही मनातून जाईना. भर बाजारात पुन्हा तेच झालं तर? दोन वर्षं ती घराबाहेर पडली नाही. जेवण नको, झोप नको, शेवटी जगणंही नको झालं. फिटच्या डॉक्टरांनीच ओळखलं, की हिचं मनही आजारी आहे. मग त्यावरही औषध सुरू झालं आणि दमयंती हळूहळू बोलती झाली.

एका सकाळी ती टोपली घेऊन थेट बाजारात आली आणि सगळ्या कोळणींना ठणकावून म्हणाली, "मला फिट आली तर कुशीवर वलवा. चप्पल आनाल, तर उठल्यावर तिनंच हानीन!"

महिन्याभराने फिट आलीच. दमयंतीने डोळे उघडले तेव्हा ती कुशीवर होती आणि डोक्याखाली शेजारच्या भावनाचा टॉवेल होता. समोर एक गिऱ्हाईक हातात चप्पल धरून उभं होतं आणि चार कोळणी त्याला फैलावर घेत होत्या.

दमयंती सावकाश उठून बसली.

"दादा, ती पायात घाल," ती म्हणाली. "आन उद्या ये मावरं घ्यायला. मी इथंच हाय."