उंदीर आता कसा हाय?

हळद शिजल्याचा ओला, मातकट वास आला की मला कुरुंदा गावातलं ते अंगण आठवतं. मी कॉलेजात होतो. तिथल्या एका मावशींच्या नवऱ्याला लकवा झालेला, आणि बाजारातल्या एका भोंदूचं ऐकून त्यांनी डॉक्टरच्या गोळ्या बंद करून त्याला हळदीच्या पुडीवर ठेवलेलं. गोळ्या थांबल्या तर दुसरा झटका येईल, हे मी पत्रकं वाटून, भांडून सांगितलं, कुणी ऐकेना. शेवटी शहरातून मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका मॅडमना घेऊन आलो. कढईखाली जाळ धडधडत होता, वाफेनं डोळे चुरचुरत होते. मॅडम म्हणाल्या, "आम्ही उंदराच्या मेंदूची रक्तवाहिनी बंद करतो, मग हळदीतला अर्क देतो. मरणारा भाग थोडा वाचतो." झालं! जमलेले हळदवाले खूश. एक जण मला म्हणाला, "फाडा भाऊ तुमची पत्रकं!" माझं डोकं फिरलं, मॅडमना मीच आणलं होतं ना! मावशी मात्र हसल्या नाहीत. "मॅडम, त्यो उंदीर आता कसा हाय?" "तो नाही मावशी. मेंदू कापून बघायला त्याला दुसऱ्या दिवशी मारावं लागतं. माणसाचं अजून काहीच ठरलेलं नाही." मावशी उठून आत गेल्या आणि आतून आवाज आला, "अवं, तोंड उघडा, गोळी हाय." ती पुडी आजही बाजारात मिळते. आता तिच्यावर 'प्रयोगशाळेत सिद्ध' असं छापलेलं असतं. उंदराचं पुढं काय झालं, ते कुणी छापत नाही.