ऊब कुणाची

आमच्या बेकरीत भट्टीच्या मागे एक बुटकी खोली आहे. मळून, वळून तयार केलेले पावाचे गोळे ट्रेमध्ये मांडून तिथे ठेवतात आणि खमिराने ते फुगले की मग भट्टीत जातात. तिला आम्ही फुगायची खोली म्हणतो. भट्टीची ऊब भिंतीतून आत झिरपते. वर एक झरोका आहे, तो दोरीने कमीजास्त उघडून ती ऊब राखायची. खोली गार पडली तर गोळे रुसून बसतात आणि फार तापली तर फसफसून आंबूस होतात. गोळे फुगत असताना माझ्या जाऊबाई आणि त्यांचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, या दोघांखेरीज आत कुणी पाऊल टाकायचं नाही, हा सासूबाईंनी घातलेला नियम. दाराची उघडझाप झाली की ऊब पळते. मी पुढे दुकानात बसते. मला तिथे बसवलं ते सासूबाईंनीच, कारण माझ्या जिभेला हाड नाही हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. गिऱ्हाइकाशी भांडायला घरात कुणीतरी हवंच.

जाऊबाई माझ्या अगदी उलट. बाई कमी बोलणारी, पण खोलीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शब्द. भिंतीवर तापमापक नाही, कधी नव्हता. बाह्या वर करून, डोळे मिटून त्या मधोमध उभ्या राहायच्या आणि अंगाला काय लागतंय ते बघायच्या. मग म्हणायच्या, "अजून," किंवा "झालं." दाराला एक छोटी काच आहे, तिच्यातून मी कितीदा बघितलंय. पिवळा मंद दिवा, हवेत तरंगणारं पीठ, आणि त्यात या डोळे मिटून उभ्या. आजूबाजूला गोळे इतके हळू फुगायचे की बघत राहिलं तर काहीच हलत नसायचं, आणि जरा मान वळवली की मोठे झालेले. मला तिथे उभं राहिलं की झोप यायची. चांगली, लहानपणची झोप. मग पुढून कुणीतरी काउंटरवर नाणं वाजवायचं आणि मी त्याच्यावर खेकसायला जायची.

तर त्या वर्षी थंडी पडली आणि आमचे पाव बसायला लागले.

बसायला म्हणजे काय, विटा. वरून कडक, आत गच्च. पहिल्या दिवशी मी गिऱ्हाइकांना सांगितलं की नवा प्रकार आहे, चावून खायचा असतो. दुसऱ्या दिवशी समोरचा शिंपी पाव घेऊन परत आला आणि म्हणाला, "बाई, याला शिवू की खाऊ?" मी त्याला म्हटलं, तुमच्या शिवलेल्या पोलक्याची बाही आजवर कुणाच्या दंडात गेली आहे का ते आधी सांगा. तो हसत गेला, पण पाव ठेवून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या घरचा पाव कुणी परत आणून ठेवावा, हे मी कधी बघितलं नव्हतं.

जाऊबाईंनी खमीर बदललं, मैदा बदलला, पाणी बदललं. काही फरक नाही. आणि इकडे त्यांचं स्वतःचंच काहीतरी बिघडलं होतं. झोप उडाली होती. भरदिवसा स्वप्नात चालल्यासारख्या चालायच्या. मीठ टाकलं की नाही ते आठवायचं नाही. भाऊजींनी चमचा खाली पाडला म्हणून एकदा रडल्या. एका दुपारी चहा पिता पिता मला म्हणाल्या, "मी काल स्वप्नात पावाचा गोळा झाले होते गं. फुगत फुगत छताला जाऊन टेकले. खाली तुम्ही सगळे चहा पीत होतात. कुणी वर बघितलंच नाही."

"हाक मारायची की."

"मारली. पण तोंडात पीठ होतं."

मी हसले, आणि मग त्यांचा चेहरा बघून हातातला कप खाली ठेवला. घाबरले होते मी. एवढी खंबीर बाई अशी विस्कटताना बघवत नाही.

मग एका रविवारी त्यांनीच विषय काढला. "माझा हात गेला," म्हणाल्या. "खोली कळेनाशी झालीय मला. गावाबाहेरच्या कारखान्यातून तयार पाव आणून विकू. खोली बंद करू, पिठाची पोती ठेवायला होईल."

भाऊजींनी मान डोलावली. आमचे भाऊजी म्हणजे नंदीबैल, बायको म्हणेल त्याला हो. ती म्हणाली पूर्व, तर हे म्हणणार पूर्व. मी म्हटलं, "जाऊबाई, खोली बंद केलीत तर तुम्ही दिवसभर करणार काय?" त्या म्हणाल्या, "झोपेन." तो आवाज मला अजिबात आवडला नाही. खोली बंद झाली असती तर तिच्यामागोमाग जाऊबाईंचंही दार लागलं असतं, हे मला लख्ख दिसत होतं, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेपासून कारखान्याची गाडी येणार हे ठरूनसुद्धा गेलं.

त्याच आठवड्यात दवाखान्यातली सिस्टर पाव घ्यायला आली. बाहेर बोचरं वारं, मी दोन स्वेटर घालून बसलेली, आणि जाऊबाई रिकाम्या ट्रेने वारा घेत मागून पुढे आल्या. चेहरा लालबुंद, मानेवरून घाम. सिस्टरने त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "काकू, पाळी कशी आहे तुमची?"

दुकानात, पावांच्या पुढ्यात, असं. जाऊबाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. मग हळूच म्हणाल्या, "कधी येते, कधी दोनदोन महिने नाही."

"अशी अंगातून वाफ उठते?"

"वाफ कसली? आत उकडतंच आहे."

सिस्टरने वाद घातला नाही. गुरुवारी दुपारी दवाखान्यात बायका जमतात, या विषयावर बोलतात, तुम्हीही या, म्हणाली. एकच अट, घरातलं एक माणूस सोबत आणायचं.

भाऊजी काही केल्या तयार होईनात. बायकांच्या गोष्टीत माझं काय काम, म्हणे. मग मी त्यांना सांगितलं की तिथे खुर्च्या कमी आहेत, आपल्या दुकानातल्या उचलून न्यायच्या आहेत. खुर्च्या घेऊन आले बिचारे, आणि मी त्यातल्याच एकीवर त्यांना बसवलं. शेजारी जाऊबाई, पलीकडे मी. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं, सगळ्या बायका अर्धवट पेंगल्यासारख्या बसल्या होत्या आणि एकेक जण बोलत होती. अगदी हळू. कुणी म्हणाली, मला वाटायचं वेड लागतंय. कुणी म्हणाली, छातीत धडधडायचं, मी मृत्यूची तयारी करून बसले होते. एक शिक्षिका म्हणाली, फळ्यावर लिहिता लिहिता मुलांची नावं विसरते. जाऊबाई एकेकीकडे बघत होत्या. त्यांचे खांदे खाली आले, ते मी बघितलं.

सिस्टरने साध्या भाषेत सांगितलं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी असतात. अंगातून एकदम गरम लाट उठते, घाम फुटतो, झोप मोडते, मन हळवं होतं, विसरायला होतं. हा रोग नाही, पण सोसत बसायलाही कुणी सांगितलेलं नाही, उपाय आहेत, जिला जे मानवेल ते डॉक्टरांना विचारून घ्यायचं. वर्षभर पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं, आणि त्यानंतर परत रक्त दिसलं तर गप्प बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

मग ती भाऊजींकडे वळली. "काका, काकूंना घरात उकडतं तेव्हा तुम्ही काय करता?"

भाऊजी कानापर्यंत लाल झाले. "मी काय करणार? मीही म्हणतो, हो बुवा, फार उकडतंय. सदऱ्याची बटणं काढतो."

"तुम्हालाही उकडत असतं?"

"छे. आत तर कुडकुडायला होतं हल्ली. पण तिला एकटीलाच तसं वाटतंय असं नको वाटायला. आधीच ती खचलीय."

जाऊबाई सावकाश वळल्या. "म्हणजे फुगायच्या खोलीतसुद्धा?" त्यांनी विचारलं. "मी उकडतंय म्हणून झरोका सताड उघडायचे, आणि तुम्ही हो म्हणायचात, तेव्हा?"

भाऊजींनी मान खाली घातली. "हो."

मला कळायला एक क्षण लागला. मग अंगावर काटा आला. खोली कधी तापलीच नव्हती. लाट जाऊबाईंच्या अंगात उठायची, त्या झरोका उघडायच्या, आतली ऊब भुर्रकन जायची आणि गोळे थंडीने आखडून बसायचे. आत जाणारी माणसं दोनच, आणि त्यातला एक होयबा. आधी मला भाऊजींना खुर्चीसकट बाहेर फेकावंसं वाटलं. मग वाटलं, हा माणूस एवढ्या थंडीत, उघड्या सदऱ्याने, बायकोशेजारी कुडकुडत उभा राहत होता, नुसती तिला सोबत म्हणून. आता याच्यावर चिडावं तरी कसं?

जाऊबाई चिडल्या मात्र. घरी येईपर्यंत आमच्या दहा पावलं पुढे चालत राहिल्या. दारात पोचल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "माझा हात गेला असं मी समजत होते. जीव जात होता माझा. आणि तुम्ही बटणं काढत होतात."

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखे ट्रे आत गेले. कारखान्याच्या गाडीला अजून दोन दिवस होते. मी नियम मोडला नाही, पण काचेला नाक लावून उभी राहिले, माझ्याने राहवेना. दार पातळ आहे, आतलं ऐकू येतं. जाऊबाई मधोमध उभ्या होत्या, डोळे मिटून. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा तांबडा व्हायला लागला, कपाळावर घाम उगवला. त्यांचा हात झरोक्याच्या दोरीवर गेला आणि तिथेच थांबला.

"मला उकडतंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला?"

भाऊजींचं तोंड सवयीने 'हो'साठी उघडलं. हात गळ्याच्या बटणापाशी गेलासुद्धा. आयुष्यात त्या माणसाने बायकोला नाही म्हटलेलं नव्हतं, आणि ते म्हणायला त्याला किती जड जात होतं ते मला काचेतून दिसत होतं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "मला थंडी वाजतेय."

जाऊबाईंनी दोरी सोडली. घामाने निथळत, डोळे उघडे ठेवून, त्या तशाच उभ्या राहिल्या, लाट ओसरेपर्यंत, आणि त्यांच्या भोवती गोळे हळूहळू फुगत गेले.