विंडोजचा बॅकअप आणि शेलूची हळद

आमच्या ताईचं लग्न माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. म्हणजे लग्नाचे सगळे फोटो, आणि तेही फक्त तिथेच. त्यामुळे एका सकाळी विंडोज उघडेना, तेव्हा घरात कुणी चहासुद्धा प्यायलं नाही.

"फोटो गेले तर रं?" ताई रडवेली झाली.

"लगीन परत लावू," अण्णा शांतपणे म्हणाले. "जावयाला इचारून घे."

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच (म्हणून रिमोट बिघडला तरी मलाच हाक!). लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टीमही होती. तिथून विंडोजचा अख्खा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतो, एवढं मी वाचलं होतं. डिस्क दिली सचिनदादाने. हा माझा चुलतभाऊ, हळदीला डीजे लावतो.

"हिच्यात माजी गाणी हायत. पन जागा लय हाय," तो म्हणाला. "संध्याकाळी शेलूला हळद हाय, तवर दे."

बॅकअपची फाईल करून रिकाम्या जागेत ठेवायची होती. मी मात्र थेट डिस्कवर उतरवायचा पर्याय निवडला. लिनक्सने विचारलं, "सगळं पुसलं जाईल. चालेल?" मी बिचकून 'नाही' दाबलं. सगळं बंद! पुन्हा सुरू केलं, पुन्हा तोच प्रश्न. आमच्याकडे जेवायला पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की पानावर बसायचं. एवढा आग्रह मोडवेना. मी 'हो' दाबलं.

फोटो आले! आईने डिस्कला हळदकुंकू लावलं. सचिनदादा मलाही कौतुकाने शेलूला घेऊन गेला.

मांडवात त्याने डिस्क जोडली. गाणं एक नाही! गडबडीत त्याने समोर दिसेल ते उघडलं आणि मोठ्या पडद्यावर आमच्या ताईचं लग्न लागलं.

"माजी गाणी कुठं हायत रं?"

"दादा... फोटो सगळे वाचले."

"मंग फोटोवर नाचू का?"

नवरीची आजी पडद्याजवळ सरकली. "ह्यो लाल शर्टवाला कोन गं? जवा बघावं तवा खातोय!"

सचिनदादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

शेवटी बायकांनीच धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणायला सुरुवात केली आणि हळद लागली. मी खुर्च्यांमागे लपलो होतो. आजीने शोधून काढलं. "जेवायला बस रं."

पोटात आग पडली होती. तरी रीतीप्रमाणे मी म्हटलं, "नको, आजी."

"ऱ्हाऊ दे मंग," ती हसली. "भैनीच्या लग्नात लय जेवलायस!" आणि गेली.

उपाशी घरी आलो. लिनक्स निदान दुसऱ्यांदा विचारतं तरी!