फोटोतला दोर

पाण्याखालच्या फोटोचा विषय कुणी काढला की ताई आधी काउंटरवर गाठी मारलेला पिवळा नायलॉनचा दोर आपटायची. "दोर कुठं हाय तुमचा?" गिऱ्हाईक बिचारं लेन्सचा भाव विचारायला आलेलं असायचं.

शिरूरला मार्केट यार्डाजवळ तिचा फोटो स्टुडिओ, सगळं यार्ड तिला ताईच म्हणायचं, आणि त्याला लागून माझं दुकान. मी पाईप, दोर आणि शेततळ्याचा कागद विकतो. कागद म्हणजे तळ्यात अंथरायचं जाड प्लास्टिक. त्यावर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. काठ हाताला लागतो, तरी माणूस बुडतो. तुम्हीही अशा बातम्या वाचून पान उलटलंच असेल.

लग्नाआधी पाण्याखाली फोटो काढायचं खूळ आलं आणि घोडनदीत पोहून वाढलेल्या ताईला काम मिळालं. नवशिकी पोरंही शिकायला यायची. ताई शिकवायची जीव ओतून, पण शिव्या घालत. "झूम कशाला रं? आपलं पानी गढूळ. रुंद लेन्स घे आन् जवळ जा. मधलं पानी जेवढं कमी, तेवढा फोटू चांगला." कॅमेऱ्याच्या डोक्यावर लाईट लावलेला दिसला की भडकायची. "समोरनं मारला की नुसता गाळ उजळतो. बाजूला धर, तिरका. धुक्यात गाडीचा अप्पर लावतो व्हय?"

रुंद लेन्समध्ये दोर हमखास यायचा. लोक कुरकुरायचे. "येऊ द्या की," ती म्हणायची, "त्याला धरूनच घरी जानार हाय तुमी."

दौंडकडच्या एका बागाईतदाराच्या मुलाचे आणि होणाऱ्या सुनेचे फोटो तिने असेच काढले. घरच्यांना तो दोर फासासारखा दिसला. त्यांनी दुसरीकडून कॉम्प्युटरवर तो पुसून घेतला. फोटो सुंदरच होता, या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत राहिला. ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मग सणसवाडीच्या कंपनीतला एक पंचविशीचा तरुण आला. नवा कॅमेरा गळ्यात, चेहरा हसरा. "ताई, लाईट कोणता घेऊ?" ताईने दोर आपटला. त्याने मोबाईल काढून तोच फोटो तिच्यापुढे धरला. "तुमचाच फोटो ना हा? यात कुठंय दोर?"

ताई बघतच राहिली. "व्हता रं. हितं व्हता," ती बोट लावून सांगत होती. त्याला थट्टा वाटली. "धंद्याच्या युक्त्या सगळ्या," म्हणत तो हसत निघून गेला. लाईट त्याने दुसरीकडून घेतला आणि रविवारी मित्राच्या शेततळ्यात उतरला, दोराशिवाय. त्याचं प्रेत बाहेर काढलं तेव्हा लाईट मनगटाला बांधलेला होता, चालू.

ताई मूळ फोटो मोठा करून घेऊन दौंडला गेली. माझ्याच टेम्पोतून गेलो आम्ही. "ह्यो लावा भितीवर आन् ह्योच पाठवा सगळ्यास्नी. दोर दिसू द्या," ती म्हणाली. बागाईतदार आम्हाला बसाही म्हणाला नाही. "शुभकार्याच्या फोटूत फास लावू व्हय घरात? पैसं दिल्यात, फोटू आमचा हाय."

येताना ताई एवढंच म्हणाली, "माझ्याच फोटूनं मला खोटं पाडलं." पुढच्या महिन्यात तिने कॅमेरे विकले आणि ती शिरूर सोडून गेली. कुठे, ते ठाऊक नाही. फोन लागत नाही. तिच्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मला त्या पोराचा राग येत नाही. राग येतो तो घर चांगलं दिसावं म्हणून दुसऱ्याचा जीव पुसणाऱ्यांचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

परवा त्याच बागाईतदाराने नव्या शेततळ्यासाठी कागद मागवला. माझ्याचकडून! मी टेम्पोबरोबर गेलो. दिवाणखान्यात उभ्या उभ्याच विचारलं, "दोर कुठं हाय तुमचा? चारी बाजूंनी बांधायला लागतो."

तो हसला. "कशाला? आमच्या घरातलं कुनी पान्यात उतरत न्हाई."

त्याच्या मागे भिंतीवर त्याचा मुलगा आणि सून पाण्याखाली एकमेकांचे हात धरून हसत होते. त्यांच्या शेजारी, दोराच्या जागी, स्वच्छ निळं पाणी होतं.

मी बाहेर येऊन ड्रायव्हरला सांगितलं, "कागद उतरवू नको. गाडी वळव."