भाऊजींचा बोलका डबा

आमच्या मनोहरराव भाऊजींच्या नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरी हॉलमध्ये, कूलरशेजारी, एक जुना काळा कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो. मी त्याला डबा म्हणतो. घरातले सगळे फोटो, गाणी त्याच्या पोटात. त्यांची मुलगी मिनल पुण्याहून फोनवर ते उघडून बघते.

हा डबा सुरू होताना माझ्या बहिणीच्या आवाजात बोलायचा. जयवंता तिचं नाव, मी तिला बाई म्हणायचो. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये होते तेव्हा भाऊजी वीज केंद्रातून ड्युटी करून आले की त्या पडद्याला चिकटत. बाई हाका मारून थकायची. शेवटी मिनलने आईची हाक भरून घेतली आणि डबा सुरू केला की तीच वाजेल अशी सोय केली: "अजी, या ना जेवाले, भात थंडा होऊन राहिला!" घरभर हशा व्हायचा. भाऊजी तेवढ्यापुरते ओशाळायचे आणि परत माऊस धरायचे.

काय दिवस होते ते! आता बाई नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुकानदाराने डब्यात नवीकोरी सिस्टीम टाकून दिली. तिच्यासोबत हवामान, बातम्या, खेळ, असे न बोलावलेले पाहुणे घुसले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. फोटो उघडेनात, पंखा घरघरायला लागला आणि बाईची हाक तुटायला लागली. "अजी... या... या... ना..." शेवटी दवाखान्यात ती अशीच अडखळत बोलायची. मला ते ऐकवत नसे. मी दुकानदाराला मनातल्या मनात चिक्कार शिव्या दिल्या.

"बाबा, तो डबा भंगारात द्या," मिनल म्हणाली. "आईचा आवाज फोनवर टाकून देते."

"फोन खिशात राह्यते," भाऊजी म्हणाले. "हाक घरातून याले पायजे."

मग ते व्हिडिओ बघून बघून शिकले. पडदा नको, माऊस नको, कामापुरतंच सामान टाकलेली उघडीबोडकी सिस्टीमही मिळते म्हणे. मी नरखेडहून संत्र्यांची पिशवी घेऊन पोचलो तर भाऊजी सकाळपासून त्यातच गुंतलेले.

"तुया बहिणीच्या नियमानं करून राहिलो," म्हणाले.

नियम मला ठाऊक होता. निवृत्तीनंतर क्वार्टर रिकामं करताना बाईने सारा संसार अंगणात काढला होता. रोज कामाला लागेल तेवढंच ट्रकात, बाकीचं शेजारपाजारी वाटून टाकायचं. भाऊजींनीही फोटो, गाणी, बाईची हाक आधी बाहेर दुसऱ्या डिस्कवर काढली, डबा पुसला आणि एकेक वस्तू विचारून विचारून आत घेतली.

दुपारी डबा सुरू झाला. घरघर नाही. तेवढ्यात मिनलचा फोन, "बाबा, फोटो पटापट उघडून राहिले!"

भाऊजींचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कान देऊन बसले होते. डबा गप्प.

त्यांचा चेहरा पडला. "आवाजाचा भाग आत घेतलाच नाही गा, ताराचंद. फोटो ठेवणाऱ्या डब्याले आवाज कायले, म्हटलं. तिच्याच नियमानं तिलेच आंगणात ठेवलं."

मला रागच आला. "एवढं कोरडं काहून करता? बाईनं काय कामाचंच आणलं होतं? हा डबा तवाच जुना झालता. पण तुमाले लागते म्हनून तिनं मांडीवर घेऊन आणला, ट्रकात नाही टाकला."

भाऊजींनी चष्मा पुसला आणि ते पुन्हा कामाला लागले. आवाजापुरता तेवढाच एक भाग आत घेतला, बाईची हाक परत जागेवर ठेवली. डबा बंद करून सुरू केला.

"अजी, या ना जेवाले, भात थंडा होऊन राहिला!"

एका दमात, ठसक्यात, खापरखेड्यात म्हणायची तशी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या वेळी कोणी हसलं नाही.

भाऊजी उठले. पहिल्याच हाकेला उठले. "चाल गा," म्हणाले.

सकाळी त्यांनीच लावलेला भात ओट्यावर तसाच पडला होता. तो खरंच थंड झाला होता. आम्ही तसाच जेवलो.