नमुन्याची बाटली

माझं माहेर मोर्शीचं, गोड पाण्याचं. सासर अकोटकडचं, खारपाणपट्ट्यातलं. इथलं हापशीचं पाणी चहाला वापरलं तर दूध फाटतं. सासूबाईंची किडनी निम्मी गेलेली; खारं पाणी पोटात गेलं की अंगावर सूज चढायची, म्हणून डॉक्टरांनी त्यांना ते कायमचं बंद केलं. तेव्हापासून ऑटोतून गोड पाण्याची एक कॅन येते, फक्त त्यांच्यासाठी.

नळयोजनेच्या निधीसाठी गावोगावच्या पाण्याचे नमुने घेऊन आराखडा करायला पाणीपुरवठा खात्याचा एक माणूस आला. मला तो पहिल्यापासूनच पटला नाही. फार गोड बोलत होता. आधी सरपंचाकडे चहा कशाला घेतला? लिहिताना कागद आडवा का धरला? मी दारातून त्याच्यावर डोळा ठेवून होते, पण तेवढ्यात आमची म्हैस सुटली आणि मला तिच्यामागे पळावं लागलं.

दोन महिन्यांनी यादी लागली. आमच्या गावापुढे शेरा होता, पाणी पिण्यायोग्य, योजनेची गरज नाही. शेजारच्या गावाला मात्र नळ मंजूर. माझं डोकंच फिरलं. त्या माणसानेच पैसे खाल्ले असणार, नमुना बदलला असणार, असं मी गावभर सांगत सुटले. मग एसटीने अकोट गाठून त्याच्या टेबलासमोर उभी राहिले. तो चिडला नाही, याचाही मला संशय आला. एवढंच म्हणाला, "ताई, बाटली तुमच्याच घरून भरून घेतली. म्हातारबाईंनी भरून दिली."

घरी येऊन सासूबाईंना विचारलं.

"त्यानं बाटली पुढं केली, म्हने पानी भरून द्या. उन्हातानाचा आलेला मानूस. पाहुन्याले खारं देऊ का मी? माह्या कॅनीतलं देल्लं."

"मंग तुमी काय पेल्या त्या दिवशी?"

"हापशीचं."

रागही आला आणि रडूही. गावभर त्या माणसाची बदनामी केली होती, तिची लाज वेगळीच. फेरतपासणीसाठी ग्रामसभेचा अर्ज गेला, तोच माणूस पुन्हा आला. तरी माझा स्वभाव जाईना. हापशीवर बाटली मी स्वतः भरली आणि तिला सील लागेपर्यंत त्याच्या हातावरून नजर काढली नाही.

वळून पाहते तर सासूबाई त्याच्यासाठी कॅनीतलं पाणी तांब्यात ओतत होत्या. मी धावत जाऊन त्यांचं मनगट घट्ट धरलं. सोडलं तेव्हा माझ्या चारही बोटांचे खळगे त्या सुजेवर तसेच राहिले होते.