घरोघर लावलेलं गाणं

माझी थोरली जाऊ सुगंधाबाई. सगळं गाव तिला अक्का म्हणतं. अक्का भांडायला उभी राहिली की गल्लीतली कुत्री गप्प बसायची आणि गायला लागली की माणसं. मी धुळ्याची, शहरातली, चार बुकं शिकलेली. लग्न होऊन भडगावजवळच्या या गावात आले तेव्हा मला वाटलं होतं, खेड्यातल्या बायका काय गाणार! पहिल्या श्रावणातच अक्काने माझी जिरवली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या भाऊबंदांची कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते. नारळाला नथ घालायची, काजळ रेखायचं, हिरवं लुगडं नेसवायचं, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत गिरणा नदीवर बोळवायचं. निघण्याआधी अक्का एक गाणं म्हणायची. 'माय वनी पाव्हनी, मी घरमा नही.' देवी पाहुणी म्हणून दारात येते आणि घरची बाई कापसाच्या शेतात असते. देवी मग एकेका शेजारणीला विचारत फिरते, माझी लेक कुठे आहे? प्रत्येक शेजारणीचं एक कडवं. अक्काला ते तिच्या आईकडून आलेलं, आणि आईला कुणाकडून, ते देवाला ठाऊक. आमच्या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. पहिली ओळ आम्ही सगळ्याजणी हौसेने ओढायचो, पुढे अक्का एकटीच जायची.

तिचा नवरा शालिग्रामभाऊ म्हणजे तोंडाला कुलूप लावलेला माणूस. बायको गात असताना हा ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरणार. उभ्या आयुष्यात 'छान गायलीस' म्हणाला असेल तर शपथ. उलट कधी कधी आतून आवाज वाढला की म्हणायचा, "बस कर वं आता, कानबाईनाबी कान दुखतीन."

त्यांचा मुलगा दीपक सुरतला कापडाच्या मार्केटात असतो. त्याने एकदा आईला धुळ्याला नेलं आणि प्रेमराज नावाच्या माणसाच्या छोट्याशा स्टुडिओत तिची गाणी रेकॉर्ड करून घेतली. मग गाणी ॲपवर चढवून देणारी कुठलीशी कंपनी शोधून ती सगळीकडे चढवली. गावभर पेढे वाटले. अक्काच्या नावापुढे तिचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो, आणि दाबलं की आवाज! आम्हाला तो चमत्कारच वाटला.

त्या चमत्काराने आमचं काय केलं, ते आता कळतंय. पुढच्या श्रावणापासून कानबाईपुढे स्पीकरला फोन जोडला जाऊ लागला. फोनमधली अक्का गायची आणि खरी अक्का चुलीपाशी पुरण वाटायची. बायका म्हणायच्या, बरं झालं, बिचारीला जरा उसंत. अक्काही हसून म्हणायची, "मीच मनं गानं आयकस, फुकट." पहिली ओळ ओढायचंही आम्ही सोडून दिलं. फोन ओढत होता ना.

ॲपचं वागणं मात्र पहिल्यापासून सावत्र. अक्काचं पूर्ण नाव लिहिलं तरी आधी कुणी चकचकीत कपड्यातली पोरगी दाखवायचं. गाणं संपलं की आपल्या मनानेच डीजेचं धांगडधिंग्याचं गाणं लावायचं, तेही कानबाईपुढे! गाण्यांची एवढी मोठी जत्रा त्यांनी भरवलेली, पण आमच्या माणसाला पाल ठोकायला जागा गटाराकाठी. तरी आम्हाला राग आला नाही. जागा मिळाली हेच खूप, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

मग अक्काचा घसा बसला तो उठेचना. मिश्रीची सवय होतीच. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. नाशिकला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता ती गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घेते. त्यावर मलमलचं फडकं बांधते. बोलायला जाते तेव्हा ओठ हलतात आणि फडकं हलतं, बस. तिला सही येते, आकडे वाचता येतात, बाकी लिहिता येत नाही. एवढी तोंडाळ बाई, आणि आता मीठ हवं असलं तरी बोट दाखवते. मला ते बघवत नाही. मी सरळ सांगते, सुरुवातीला मी तिच्या घरी जायचं टाळायची.

त्या दिवसांत तिला एकच नाद लागला. ॲपवर तिच्या फोटोखाली, या महिन्यात किती जणांनी ऐकलं, तो आकडा यायचा. सकाळी चहा पिताना ती तो बघायची. श्रावणात आकडा वर जायचा, एरवी दोन्ही हातांच्या बोटांत मावेल एवढा. पण शून्य नव्हता. कुणीतरी, कुठेतरी अजून आपल्याला ऐकतंय, हे तिला त्या आकड्यातून कळायचं. बोट आकड्यावर ठेवून ती माझ्याकडे बघायची आणि भुवया उडवायची. कोण असेल गं?

दिवाळीला दीपक आला तेव्हा बापाशी बोलता बोलता म्हणाला की नियम बदललाय. वर्षभरात ठराविक वेळा वाजलं नाही, तर ते गाणं हिशोबात धरत नाहीत. "आईनं गानं गिनतीमा नही शे," तो म्हणाला. पैशाचं सोडा, तो कधी आलाच नव्हता. पण आतल्या खोलीत अक्काने 'गिनतीमा नही' एवढं ऐकलं. तिने फोन पालथा घातला आणि कणगीवर ठेवून दिला. मग जेवणही तसंच. भाताची पेज पुढे ठेवली की मान फिरवायची. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

तेव्हा आमचे शालिग्रामभाऊ उठले. ज्या माणसाने कधी कुणाकडे काडेपेटी मागितली नाही, तो धोतर सावरत दारोदार फिरला. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्यात घरटी माणसागणिक मूठ मूठ गहू गोळा करतात. भाऊंनी तोच हिशोब लावला. घरात जितके फोन, तितक्यांवर अक्काचं गाणं लावायचं. माझ्या दारातही आले. ओट्याखालीच उभे राहिले, वर आले नाहीत.

"हेमलता, तुना घरमा फोन कितला शेत?"

"दोन, भाऊ."

"दोन्हीवर लाई ठेव. आवाज नको करू, नुसतं चालू दे. ती पेजबी खास नही वं. काहीतरी करनं पडी."

मी लावलं. सगळ्यांनी लावलं. सुरतेच्या पोरींनी लावलं, सावद्याला दिलेल्या नणंदेने लावलं. फोन चार्जिंगला जोडून पिठाच्या डब्यावर, देव्हाऱ्यात, कपाशीच्या ढिगावर. आवाज बंद, गाणं चालू. एकच गाणं, संपलं की पुन्हा तेच. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. रोटांचे गहू देताना कुणी विचारतं का, तुला भूक आहे का म्हणून? आपल्या माणसासाठी आपण वाटा घालतो, झालं.

आकडा असा फुगला की अक्का दचकली. तिने माझा हात धरून तो आकडा दाखवला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या दिवशी तिने पेज घेतली आणि वर भाकरीचा कुस्करा मागितला. भाऊ ओट्यावर सुपारी कातरत होते. मी बाहेर आले तर म्हणाले, "खादं का?" मी म्हटलं, खाल्लं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं.

हे सुख संक्रांतीपर्यंत टिकलं. मग एका सकाळी फोटोवर दाबलं तर काही उघडेना. नाव नाही, गाणं नाही. दीपकला इंग्रजीत मेल आला होता. तुमची गाणी खोटेपणाने वाजवली गेली आहेत, माणसांनी ऐकलेली नाहीत, म्हणून सगळीकडून काढली आहेत. माणसांनी ऐकलेली नाहीत! मग आम्ही कोण होतो? दीपकने लिहिलं, माझी आई आहे, तिचा आवाज गेलाय, गावाने मायेने लावलं. उत्तर लगेच आलं. तोच मजकूर, फक्त वर 'आपल्या पत्राबद्दल धन्यवाद'. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. पलीकडे कुणी माणूस असता तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते. पण कुणी नव्हतंच.

आम्ही म्हटलं, असू दे, डाउनलोड केलेलं आहे ना! आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये होतं. उघडून पाहिलं तर ओळ करडी पडलेली, दाबली तरी वाजेना. ते आमच्या फोनमध्ये होतं, पण आमचं नव्हतं. मग मी आणि भाऊ धुळ्याला प्रेमराजकडे गेलो. त्याने स्टुडिओ कधीच मोडला होता, तिथे आता चष्म्यांचं दुकान होतं. कॉम्प्युटर भंगारात गेलेला.

"तुमीन ठेव्हं नही का?" भाऊंनी विचारलं.

"ॲपवर शे ना भाऊ, मी कसाले ठेवू?" तो म्हणाला. खोटं काय बोलला? दीपकनेही तेच म्हणून आपली कॉपी पुसली होती. एका लग्नाच्या व्हिडिओत मात्र अक्काचा आवाज सापडला. हळद दळताना दोन ओळी, त्याही मिक्सरच्या घरघरीत.

परतीच्या एस.टी.त भाऊ खिडकीशी बसले होते. पारोळा आला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "डागतरनी गळामातला आवाज काढा. फोनमा राह्यना व्हता तो मी काढी टाका." तुमचा दोष नाही म्हटलं, तर ते त्यांना ऐकूही गेलं नाही.

अक्काला त्यांनीच सांगितलं. सगळं, आकड्यासकट. आकडा म्हणजे आम्हीच होतो हेही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती, ताट भिरकावलं असतं, तर बरं झालं असतं. तिने नुसतं त्यांच्या धोतराला लागलेलं कुसळ काढलं.

यंदाही श्रावण आला, कानबाई बसली. सोमवारी सकाळी बोळवायची वेळ झाली आणि आम्ही बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. फोन नाही म्हटल्यावर गाणं म्हणायचं कुणी? पहिली ओळ निघाली. पहिली शेजारीण कशीबशी झाली. दुसरीच्या कडव्यात चाल घसरली आणि कुठल्या तरी डीजेच्या गाण्यात शिरली. शेवटी काय होतं, यावर तर वादच लागला. गल्लीतली शेवंताबाई म्हणाली, देवी रुसून परत जाते. मी म्हटलं, छे, लेक धावत येते. अक्का मधोमध बसलेली. दोन्हीला तिने नाही म्हणून मान हलवली. मग ओठांनी शब्द सांगायला लागली, हळूहळू, एकेक. आम्ही तिच्या तोंडाशी वाकून ओळखायला बघत होतो. "शेत?" नाही. "सोनं?" नाही. ती जमिनीवर हात आपटायला लागली. तिने छातीतून जोर लावला आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा आणि खोकला आला.

कुणीतरी ओट्याकडे ओरडलं, "भाऊ, तुमीन तर जलमभर आयकं! शेवट काय शे, सांगा ना!"

शालिग्रामभाऊ दारात येऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं. आम्ही थांबलो. अक्काही थांबली, त्यांच्याकडे बघत.

"माले शबद नही येतस," ते म्हणाले. "मी जलमभर नुसता तिना आवाज आयका."

आम्ही पुन्हा सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून, जमेल तशी. तेव्हा अक्काने आमच्यापुढे हात जोडले. कपाळाला लावून जोडले, डोळे मिटून, थांबा म्हणून. आम्ही थांबलो. मी कानबाई उचलून तिच्या डोक्यावर दिली, आणि सगळे मुक्यानेच गिरणेवर गेलो.